कलम्यापासून सनदेपर्यंत

इस्लाम स्वीकारायला वेळ लागत नाही. दोन वाक्यांची साक्ष, म्हणजे कलमा, समजून-उमजून, मनापासून उच्चारली की धर्मशास्त्राच्या दृष्टीने माणूस मुसलमान झाला. त्यासाठी मौलवी हजर असावा लागत नाही की समारंभ लागत नाही. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, नावातला बदल ही सरकारी कामे वेगळी. ती नंतर कचेरीच्या चालीने होत राहतात. पण ज्या भाषेत ती साक्ष दिली ती भाषा शिकायची, तिच्यातला ग्रंथ स्वतः वाचून समजून घ्यायचा आणि पुढे चार जणांना शिकवण्याइतके तयार व्हायचे, तर आठ-दहा वर्षांची बेगमी करूनच निघावे लागते. मराठी शाळेत शिकलेला, घरात उर्दूचा शब्द न ऐकलेला माणूस ही वाट कशी चालतो आणि नाशिक जिल्ह्यात ती कुठून जाते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी दोन माणसांची ओळख करून घेऊ, कारण या वाटेवर दोन बाजूंनी शिरता येते.

पहिला मार्माड्यूक पिक्थॉल. लंडनचा, जन्म १८७५ चा. वकिलातीच्या नोकरीची परीक्षा हुकली, तेव्हा १८९४ साली हा मुलगा इजिप्तला गेला आणि तिथून पॅलेस्टाइन-सीरियात फिरला. स्थानिक कपडे घालून, खेडुतांबरोबर खाऊन-पिऊन तो अरबी बोलायला शिकला. दमास्कसच्या उमय्या मशिदीतल्या शेखांजवळ त्याने इस्लाम स्वीकारण्याची इच्छा बोलून दाखवली. त्यांनी त्याला थांबवले. तू अजून लहान आहेस, घरी आई आहे, तिचा विचार कर, मोठा झालास की ठरव, असा त्यांचा सल्ला होता. पिक्थॉलने पुढे जाहीरपणे इस्लाम स्वीकारला तो १९१७ च्या नोव्हेंबरात. मधल्या वीसेक वर्षांत भाषा मुरत राहिली होती. १९२० मध्ये तो मुंबईला आला आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक झाला. १९२५ पासून तो निजामाच्या हैदराबादेत होता. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तिथे त्याने शाळा चालवली, ‘इस्लामिक कल्चर’ हे त्रैमासिक संपादित केले आणि निजामाने दिलेल्या रजेत कुरआनचे इंग्रजी भाषांतर पुरे केले. ते छापण्यापूर्वी कैरोला जाऊन त्याने तिथल्या विद्वानांबरोबर मजकूर तपासून घेतला. भाषांतर १९३० साली आले आणि आजही वापरात आहे.

दुसरे डॉ. जियाउर्रहमान आजमी. उत्तर प्रदेशातल्या आजमगढ जिल्ह्यात, बिलरियागंजला १९४३ मध्ये हिंदू कुटुंबात जन्मले. कॉलेजच्या वयात मौलाना मौदूदींच्या एका छोट्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद हाती पडला आणि तिथून त्यांचा धर्म बदलला. त्यांना अरबी येत नव्हती. घरच्यांचा विरोध झाला, गाव सोडावे लागले. तमिळनाडूतल्या उमराबादच्या जामिया दारुस्सलाममध्ये त्यांनी मुळापासून सुरुवात केली. पुढे मदिनेचे इस्लामी विद्यापीठ, मक्केत एम. ए., कैरोच्या अल-अजहरमधून डॉक्टरेट, आणि मग मदिनेलाच हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेचे, प्राध्यापक. हदीस विद्याशाखेचे ते अधिष्ठाता झाले. विश्वसनीय ठरलेल्या सगळ्या हदीसा एका ठिकाणी आणण्याचा ‘अल-जामिउल कामिल’ हा त्यांचा अनेक खंडांचा ग्रंथ जगभर वापरला जातो. ३० जुलै २०२० रोजी, हजच्या अरफातच्या दिवशी, ते मदिनेत वारले.

एकाकडे भाषा आधी आली, श्रद्धा नंतर. दुसऱ्याकडे श्रद्धा आधी, भाषा नंतर. आपल्याकडे आढळणारा नवमुस्लिम बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो, म्हणून पुढचे वर्णन त्याच्या बाजूने करतो.

पहिला टप्पा नमाजचा. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (नमाजाची आवर्तने) १७ होतात: पहाटे २, दुपारी ४, तिसऱ्या प्रहरी ४, सूर्यास्तानंतर ३, रात्री ४. प्रत्येक रकातीत कुरआनचा पहिला अध्याय, म्हणजे सात आयतींची फातिहा म्हणायची. म्हणजे काहीही झाले तरी दिवसातून १७ वेळा अरबी तोंडात येणारच. नव्या माणसाला ही फातिहा सहसा देवनागरीत लिहून दिली जाते. त्याची गरज मला मान्य आहे. पहिल्या आठवड्यात त्याला दुसरा आधार नसतो. पण देवनागरीवर महिनोन्‌महिने रेंगाळणे घातक आहे. अरबीतले तीन वेगळे वर्ण देवनागरीत एकट्या ‘स’वर येऊन पडतात, पाच वर्ण एकट्या ‘ज’वर, ‘त’वर दोन, ‘ह’वर दोन, ‘क’वर दोन. एक ‘क’ जिभेच्या अगदी मुळातून, पडजिभेजवळून निघतो. दुसरा आपला नेहमीचा. पहिल्याने ‘कल्ब’ म्हटले तर हृदय, दुसऱ्याने म्हटले तर कुत्रा. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. ज्याच्या कानाला बाल आणि बाळ यांतला फरक जन्मापासून कळतो, त्या मराठी माणसाला हे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. फक्त कोणीतरी वेळेवर सांगावे लागते.

म्हणून दुसरा टप्पा लगेच यावा: कायदा. इथे कायदा म्हणजे अंकलिपी. लुधियानाच्या मौलवी नूर मुहम्मद यांचा ‘नूरानी कायदा’ आपल्याकडच्या बहुतेक मक्तबांत, म्हणजे मशिदीतल्या प्राथमिक वर्गांत, चालतो. पातळसे पुस्तक, मोठा टाइप. आधी २८ अक्षरे सुटी, मग जोडून, मग वर-खाली जबर-जेर-पेश या स्वरखुणा लावून. पण शिकवण्याची खरी मेहनत अक्षर ओळखण्यात नसून ते तोंडात कुठे तयार होते हे बसवण्यात आहे. याला मखरज म्हणतात आणि जाणकार असे १७ मखरज मोजतात. एकट्या घशात तीन जागा आणि सहा वर्ण. उस्ताद मुलाला दोन ‘ह’ एकापाठोपाठ म्हणायला लावतात. एक घशाच्या तळातून, आपल्या ‘हात’मधला. दुसरा घशाच्या मधून. थंडीत काचेवर वाफ सोडताना येतो तसा, पण घसा थोडा आवळून. शिकणारा पाच-सात वेळा चुकतो, मग एकदा अचूक येतो, आणि त्याचे त्यालाच कळते. ‘जाद’ नावाचे अक्षर तर जिभेची कड वरच्या दाढांना लावून काढायचे. त्याला महिने लागतात. लहान मुलांच्या रांगेत तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाने बसून हे करायचे म्हणजे मनाची मोठी तयारी हवी. जिथे प्रौढांसाठी वेगळी वेळ ठेवतात तिथे माणसे टिकतात. मशिदींच्या विश्वस्तांनी एवढे केले तरी फार होईल.

उच्चारांच्या पुढे पठणाचे नियम येतात, तो तजवीद. इथे मराठी माणसासाठी एक सोय आहे, तिच्याकडे शिकवणाऱ्यांचे क्वचित लक्ष जाते. स्वर नसलेल्या ‘न्’पुढे ‘ब’ आला की तो ‘न्’ ‘म्’ होतो, असा तजवीदचा नियम आहे. त्याला इकलाब म्हणतात. उर्दू माध्यमातला मुलगा तो पाठ करतो. मराठी माणूस ‘अंबा’ म्हणताना अनुस्वाराचा ‘म्’ जन्मभर करत आलेला असतो, आणि ‘अंत’ म्हणताना ‘न्’. परसवर्णाचा हा व्यवहार त्याला समजावून सांगितला, तर तजवीदचे अर्धे प्रकरण एका बैठकीत उलगडते.

यानंतर वाट दुभंगते. एक फाटा हिफ्जचा, म्हणजे अख्खे कुरआन पाठ करण्याचा: ३० पारे (भाग), ११४ सूरा (अध्याय), सहा हजारांहून अधिक आयती. पाठांतराची रीत बांधीव असते. रोजचा नवा धडा तो सबक, अलीकडचे झालेले पुन्हा म्हणून दाखवायचे, आणि जुन्याची उजळणी ती आमोख्ता. वेदपाठशाळेत संथा घेतलेल्या नाशिककराला ही शिस्त लगेच ओळखीची वाटेल. मुलांना याला दोन ते चार वर्षे लागतात. मोठ्या वयात आलेल्याने हा फाटा धरलाच पाहिजे असे नाही, आणि माझ्या मते बहुतेकांनी धरूही नये. शेवटच्या पाऱ्यातल्या छोट्या सूरा नमाजपुरत्या पाठ कराव्यात आणि दुसऱ्या फाट्याला लागावे. तो फाटा समजण्याचा, म्हणजे व्याकरणाचा. लेखाचा बराच भाग मी तिथे थांबणार आहे, कारण अडखळतात ते इथेच.

अरबी शब्दाच्या पोटात बहुधा तीन व्यंजने असतात. अर्थाचे बीज त्यांच्यात; स्वर आणि पुढे-मागे लागणारी अक्षरे त्या बीजाला रूप देतात. ही रूपे ठरीव साच्यांची असतात आणि साच्याला वजन म्हणतात. वजन दाखवायला ‘फ-अ-ल’ हा नमुन्याचा धातू घेतात, ज्याचा अर्थ ‘करणे’. आता मराठीतलेच शब्द घेऊन पाहू. नाशिक हे महसुली विभागाचे ठिकाण. इथे रोज हजारो माणसे तहसील कचेरीत खेटे घालतात आणि काम झाले नाही की ‘यात काय हशील?’ म्हणत परततात. महसूल, तहसील, हशील: तिन्ही शब्द ह-स-ल या एकाच धातूचे. ‘फाअिल’ या वजनावर हासिल, म्हणजे जे हाती आले ते. ‘मफऊल’ या वजनावर महसूल, म्हणजे जे गोळा केले गेले ते. ‘तफईल’ या वजनावर तहसील, म्हणजे गोळा करण्याची क्रिया.

हेच साचे घेऊन पुढे चला. वारस मूळचा वारिस, तो ‘फाअिल’. मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला ते, तो ‘मफऊल’. मंजूर म्हणजे जे नजरेखालून गेले ते, तोही ‘मफऊल’. तपशील मूळचा तफसील, म्हणजे सुटे सुटे करून मांडणे, तो ‘तफईल’. तजवीज त्याच वजनावर, आणि वर ज्याची गोष्ट केली तो तजवीदही. फारसीच्या दारातून आलेले असे कितीतरी शब्द शिवकाळाच्याही आधीपासून मराठीत नांदत आहेत. शिकणाऱ्याला वर्गात पहिल्या दिवशी हा तक्ता फळ्यावर लिहून दाखवला, तर अरबी परकी आहे ही धास्ती बरीचशी जाते. उरते ती यंत्रणा समजून घेण्याची मेहनत.

शब्दकोशही बहुधा धातूप्रमाणे लावलेला असतो. ‘मक्तब’ हा शब्द ‘म’मध्ये सापडत नाही, त्यातले क-त-ब हे धातूचे वर्ण ओळखून ‘क’मध्ये जावे लागते. म्हणजे व्याकरणाची किल्ली हाती नसेल तर कोशाचे दार उघडत नाही. त्यात आणखी एक गोष्ट अशी की कुरआन पूर्ण स्वरखुणांनी छापलेले असते, पण इतर अरबी पुस्तके, वर्तमानपत्रे, मोठे ग्रंथ यांत सहसा स्वरखुणा नसतात. फक्त व्यंजने समोर, स्वर वाचणाऱ्याने व्याकरणाच्या बळावर भरायचे. म्हणून ‘मला कुरआन वाचता येते’ आणि ‘मला अरबी येते’ या दोन विधानांत काही वर्षांचे अंतर आहे.

क्रियापदांची रूपे हा सर्फचा, म्हणजे शब्दरूपांच्या शास्त्राचा, गाभा. भूतकाळाची १४ रूपे, त्यांना सीगे म्हणतात, आणि ती तालावर घोकली जातात: फअल, फअला, फअलू. तो, ते दोघे, ते सगळे. मग ती, त्या दोघी, त्या सगळ्या. मग तू, तुम्ही दोघे, तुम्ही, पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळे. शेवटी मी आणि आम्ही. ज्याने शाळेत गच्छति, गच्छतः, गच्छन्ति म्हटले आहे त्याच्या ध्यानात आले असेल: इथेही आरंभ ‘तो’पासून, इथेही द्विवचन. इंग्रजीवर वाढलेल्या विद्यार्थ्याला या दोन्ही गोष्टी बोचतात; संस्कृत शिकलेल्याला त्या घरच्या वाटतात. संस्कृत क्रियापदात लिंग नसते, अरबीत असते, पण ‘तो गेला, ती गेली’ म्हणणाऱ्या मराठीला त्याचे नवल ते काय? नामाच्या विभक्ती तर अरबीत तीनच. सात विभक्ती आणि संबोधन पाठ करून आलेल्याला हा दिलासाच आहे.

आता आपल्याकडची अडचण सांगतो. ही सगळी विद्या आपल्या भागात उर्दूतून दिली जाते, आणि तिची जुनी क्रमिक पुस्तके फारसीत आहेत: मीजान, नहवमीर, इल्मुस्सीगा. यातल्या शेवटच्याची कथा नाशिककरांनी ऐकावी. त्याचे कर्ते मुफ्ती इनायत अहमद काकोरवी. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना काळ्या पाण्यावर पाठवले आणि तिथे त्यांनी अरबी शब्दरूपांवरचे हे पुस्तक लिहिले. अंदमान म्हटले की आपल्याला भगूरचे सावरकर बंधू आठवतात. त्यांच्या पन्नासेक वर्षे आधी त्याच बेटावर एक कैदी धातुरूपे लावत बसला होता. सुटून आल्यावर १८६३ साली हजला जाताना जहाज बुडून ते वारले. पुस्तक आजही मदरशांत शिकवले जाते.

पण मराठी माध्यमातल्या माणसाला अरबीच्या दारात उभे राहण्यासाठी आधी उर्दू शिकावी लागते आणि फारसीच्या अंगणातून जावे लागते. धाडसी माणूस जातो. बाकीचे गळतात, आणि आपल्यालाच अक्कल कमी असा समज करून घेतात. अलीकडे या फेऱ्यातून सुटायचा एक मार्ग निघाला आहे: मदिना विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली तीन भागांची पाठ्यपुस्तके. ती लिहिणारे डॉ. व्ही. अब्दुर रहीम तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे. त्यांत व्याकरणाच्या संज्ञा मागाहून येतात, आधी छोटी छोटी वाक्ये. समोरच्या वस्तूकडे बोट दाखवून ‘हे’ आणि ‘ते’ म्हणण्यापासून सुरुवात होते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला मी हीच पुस्तके सुचवीन; आठवड्यातून तीन संध्याकाळी दिल्या तर दोन-अडीच वर्षांत तिन्ही भाग होतात.

ज्याला पूर्णवेळ शिकून आलिम, म्हणजे धर्मपंडित, व्हायचे आहे त्याच्यासाठी मालेगाव. नाशिकपासून आग्रा रस्त्याने शंभरेक किलोमीटर, यंत्रमागांचे गाव. अरबीशी त्याची ओळख जुनी आहे, तलवारीच्या निमित्तानेही. नाशिकच्या पंचवटीतल्या देवळाच्या घंटेमुळे सगळ्यांना माहीत असलेल्या नारोशंकरांनी मालेगावचा भुईकोट बांधला, आणि १८१८ मध्ये त्याच किल्ल्यातल्या अरब शिबंदीने इंग्रजांना जवळजवळ महिनाभर रोखून धरले. उत्तरेतून आलेल्या विणकरांनी पुढे इथे वस्ती केली आणि मागांबरोबर मदरसेही उभे राहिले. मअहद-ए-मिल्लत, मौलाना मुख्तार अहमद नदवी यांनी उभारलेली मन्सूरा भागातली जामिया मोहम्मदिया, मुलींसाठी जामियतुस्सालिहात. खानदेशच्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम. पंथांचे आणि पद्धतींचे भेद या संस्थांत आहेत. नव्या माणसाने ते आधी समजून घ्यावेत आणि मगच दाखला घ्यावा.

अभ्यासक्रमाचा सांगाडा सर्वत्र साधारण सारखा. लखनौच्या फिरंगी महालातले मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावावरून त्याला दर्स-ए-निजामी म्हणतात. अठराव्या शतकात तो घडला. साधारण आठ वर्षे. पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्फ आणि नहव, म्हणजे विभक्ती व वाक्यरचना. मग फिकह, म्हणजे आचार-व्यवहाराचे शास्त्र, आणि त्यामागची तत्त्वे. थोडे तर्कशास्त्र, साहित्य, कुरआनचे भाष्य. शेवटचे वर्ष दौरा-ए-हदीस. या एका वर्षात बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई आणि इब्न माजा हे सहा संग्रह उस्तादांसमोर वाचले जातात.

हा वर्ग कसा चालतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. एक विद्यार्थी मोठ्याने वाचतो, बाकीच्यांची बोटे आपापल्या प्रतीवर. प्रत्येक हदीसच्या आधी नावांची साखळी येते: याने त्याच्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून, त्याने तमक्याकडून, आणि शेवटी पैगंबरांपर्यंत. वाचणारा ही नावे गाळत नाही. एखाद्या नावाचा स्वर चुकला की उस्ताद थांबवतात, कारण त्या नावांच्या विश्वासार्हतेवरच पुढच्या मजकुराची किंमत ठरते. ही माणसे कोण होती, कुठे राहिली, एकमेकांना भेटू शकली असती का, स्मरणशक्ती कशी होती, यावर स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याचे चरित्रकोश खंडच्या खंड भरतील इतके. डॉ. आजमींनी आयुष्य वेचले ते या शास्त्रावर.

वर्ष संपले की उस्ताद सनद देतात. त्यात त्यांची स्वतःची गुरुपरंपरा लिहिलेली असते. हिंदुस्थानातल्या बहुतेक सनदी दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांच्यापर्यंत जातात. ते १७३० च्या सुमारास हिजाजला जाऊन शिकून आले होते, आणि त्यांच्या मदिनेतल्या गुरूंकडून साखळी मागे मागे थेट बुखारीपर्यंत पोहोचते. या कागदावर विद्यार्थ्याच्या बापाचा धर्म कोणी विचारत नाही. कोणाकडून शिकलास, काय शिकलास, एवढेच. बाहेरून आलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. सियालकोटकडच्या शीख घरात १८७२ साली जन्मलेले उबैदुल्लाह सिंधी शाळकरी वयात मुसलमान झाले, देवबंदला शिकले, आणि उतारवयात मक्केत बसून शाह वलीउल्लाहांचे ग्रंथ शिकवत होते. ज्या पुस्तकाने ते वळले त्याचा लेखकही धर्मांतरितच होता. त्याचेच नाव त्यांनी घेतले.

यात घराचा प्रश्न येतो आणि तो बाजूला ठेवून वाटेचे वर्णन खरे होत नाही. धर्मांतराने घरात काय होते हे मराठी वाचकाने जलालपूरच्या लेकीच्या, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचले आहे. त्यांचे पती नारायणराव १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि ती वर्षे लक्ष्मीबाईंनी कशी काढली हेही त्यात आहे. धर्म वेगळा, पण घरातली ओढाताण तीच. म्हणून मला दमास्कसच्या त्या शेखांचा सल्ला मोलाचा वाटतो. आईबाप दुसऱ्या धर्माचे असले तरी त्यांच्याशी चांगले वागणे कुरआनने बंधनकारक केले आहे. त्यांच्या सांगण्यावरून श्रद्धा सोडू नये, पण संगत आणि सेवा सोडू नये, असा त्याचा आशय. नव्या विद्यार्थ्याने नहवची पहिली विभक्ती शिकण्याआधी हे शिकावे, आणि त्याला शिकवणाऱ्यांनी ते आधी सांगावे.

आणखी एक गोष्ट कळवळून सांगावीशी वाटते. नवमुस्लिम भेटला की आपल्याकडे त्याला व्यासपीठावर उभे करतात. तुम्ही कसे आलात, सांगा. तो सांगतो, लोक गहिवरतात, दुसऱ्या गावचे बोलावणे येते. वर्षभरात त्याच्या पन्नास सभा होतात आणि सर्फचे चौदा सीगे तसेच राहतात. त्याच्याबद्दल आस्था असेल तर त्याला सभेची तारीख देऊ नका, पुस्तक द्या, दोन वर्षांची फी भरा, राहायची सोय बघा. डॉ. आजमी उमराबादला जाऊन आधी कित्येक वर्षे वर्गात बसले; त्यांनी आपली हकिकत पुस्तकात लिहिली ती फार नंतर.

शिकवण्याचा टप्पा सनदेच्या कागदाने एकदम सुरू होत नाही. तो बहुधा खालून सुरू होतो: मशिदीतल्या मक्तबात सहा-सात वर्षांच्या मुलांना नूरानी कायदा. त्यात कमीपणा नाही. ज्याने स्वतः पस्तिसाव्या वर्षी घशातला ‘ह’ शोधून काढला आहे, त्याला तो मुलाला कसा द्यायचा हे आपसूक येणाऱ्यापेक्षा चांगले कळते. नंतर प्रौढांचा वर्ग, मग एखाद्या संस्थेत व्याकरणाचा तास. फतवा देणे हे वेगळेच काम. त्यासाठी आलिम झाल्यावर पुढे इफ्ताचा अभ्यास लागतो. त्याआधी लोक मसले विचारायला येतात तेव्हा ‘मला माहीत नाही, मुफ्तींना विचारा’ एवढे म्हणण्याची सवय लावून घ्यावी. इमाम मालिक यांच्यासारखा मदिनेचा महापंडित बऱ्याच प्रश्नांना हेच उत्तर देई, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

या मातीत अरबी विद्वत्ता उगवू शकते का, असे कोणी विचारील. माहीमचे मखदूम अली माहिमी चौदाव्या-पंधराव्या शतकात होऊन गेले, नवायत कुळातले. त्यांनी कुरआनवर अरबीत लिहिलेले भाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोजवळच्या बुलाकच्या छापखान्यात छापले गेले. मुंबईच्या किनाऱ्यावर लिहिलेला ग्रंथ अरबांच्या देशात अरबांसाठी छापला गेला. आणि धर्म न बदलता शिकणाऱ्यांचीही आपल्याकडे परंपरा आहे: विनोबांनी मूळ अरबीतून कुरआनचा अभ्यास करून ‘कुरआन-सार’ सिद्ध केला, साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर मराठीत लिहिले. वाट सर्वांना खुली आहे.

तिच्यावर आज जे सर्वांत जास्त हवे आहे ते म्हणजे मराठीतून लिहिलेले अरबीचे चांगले व्याकरण. कुरआनची मराठी भाषांतरे झाली आहेत, मुंबईचा इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्ट पुस्तके काढतो, पण ती वाचून आशय कळतो, भाषा येत नाही. हे व्याकरण लिहायला सर्वांत योग्य माणूस मला विचाराल तर तोच: मराठी शाळेतून आलेला, संस्कृतची रूपे पाठ असलेला, उर्दूचा वळसा घालून मालेगावला आठ वर्षे काढलेला. कुठे ठेच लागते हे त्याला ठाऊक असते. पहिल्या प्रकरणात अक्षरे आणि मखरज, देवनागरीत न मावणाऱ्या प्रत्येक वर्णाची जागा आकृती काढून दाखवलेली. दुसऱ्यात अनुस्वारावरून तजवीद. तिसऱ्यात महसूल-तहसील-हशीलवरून वजने. चौथ्यात धातुरूपावलीशेजारी चौदा सीगे, समोरासमोर दोन रकान्यांत. पाचव्यात तीन विभक्ती. तेवढे दीडशे पानांत बसेल, आणि मालेगावच्या एखाद्या छापखान्यात अरबी व देवनागरी दोन्ही टाइप एका पानावर लावून छापून होईल.